वाचून दाखवणारीची सही

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी सत्तावीस वर्षं रोज सकाळी साडेदहाला कोर्टात येते आणि संध्याकाळी सहाला घरी जाते, तेव्हा माझ्या शहाणपणाबद्दल कुणी विचारायला नको. आता अगदी खरं सांगायचं तर मी पायरी चढत नाही. आमच्या तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात कॅन्टीनला लागून एक पत्र्याचं शेड आहे, त्यात माझं टेबल आहे. वकील सांगतील ते टाइप करायचं, छापायचं, टाचून द्यायचं, हा माझा धंदा. आधी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर, प्रिंटर, झेरॉक्स आणि आधार कार्डं प्लास्टिकमध्ये घालून द्यायचं एक लॅमिनेशनचं मशीन आहे.

माझं माहेर साताऱ्याचं. टायपिंगच्या परीक्षा मी तिथं दिल्या आणि लग्न होऊन इकडे सांगलीच्या दुष्काळी अंगाला आले. आले तेव्हा गावात पाणी टँकरनं यायचं. पुढे कॅनॉल आला, आणि जिथं कुसळ उगवत नव्हतं तिथं ऊस उभा राहिला. ऊस आला तसे दावे आले. पूर्वी बांधावरून कुणाची बकरी गेली तर मान वर करून बघायला कुणाला सवड नव्हती, आता वीतभर बांध कोरला तरी माणूस वकिलाच्या दारात उभा असतो. मला तक्रार करायची सोय नाही. माझी दोन्ही पोरं या बांधांवरच शिकली.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे नव्या न्यायाधीश आल्या. वयानं माझ्या थोरल्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या असतील. पहिल्याच आठवड्यात त्यांनी नोटीस बोर्डावर दोन पानांचं पत्रक लावलं. त्यांच्या कोर्टात दिवाणी कागद दाखल करायचे तर ते कसे असावेत, याचे चौदा नियम. कागद ए-फोर. डावीकडे चार सेंटिमीटर जागा मोकळी. अक्षर केवढं, दोन ओळींत अंतर किती. पानांचे आकडे खाली, मधोमध, आणि सोबत जोडलेल्या कागदांच्या यादीतल्या आकड्यांशी जुळलेच पाहिजेत. एका परिच्छेदात एकच गोष्ट. खाडाखोड नको. तारीख माहीत नसेल तर अंदाजानं घालू नये, पक्षकार सांगेल तसं लिहावं. विरुद्ध बाजूला प्रत आधी द्यावी, मग दाखल करावं. असं बरंच.

वकील मंडळींत खळबळ उडाली. हे कोर्ट आहे का मराठी शाळा, असं एक जण म्हणाले. नव्याचे नऊ दिवस, असं दुसरे म्हणाले. पण नऊ दिवस संपले, नव्वद संपले, आणि दाखल करायच्या खिडकीवरून कागद परत येतच राहिले. या पानावर आकडा नाही, त्या यादीत एक कागद जास्त, इथं पांढरी शाई लावली आहे. ज्यांच्या केसांना कोर्टात पांढरा रंग आला असे वकील दोन पानं हातात धरून माझ्या शेडसमोर रांगेत उभे राहिले. मला मनातून गुदगुल्या होत होत्या, ते खोटं कशाला सांगू?

मला ते पत्रक आवडलं होतं. मी मुळात शिस्तीची आणि तोंडाची फटकळ बाई. वाकडा समास मला पानात पडलेल्या केसासारखा दिसतो. मी पत्रकाची झेरॉक्स काढून टेबलाच्या काचेखाली ठेवली आणि कुणी हुज्जत घातली की काचेवर बोट ठेवायची. एकाच नियमानं मला जरा लागलं. मथळ्याच्या वर काहीही लिहू नये, असा तो नियम होता. आम्ही टायपिस्ट लोक प्रत्येक कागदाच्या डोक्यावर ‘श्री’ घालतो. साताऱ्याच्या टायपिंगच्या वर्गात पहिल्या दिवशी मला तेच शिकवलं होतं. मग मी वाट काढली. नवीन फाइल उघडली की आधी ‘श्री’ टाइप करायचं, हात जोडायचे, ते पुसायचं आणि मग कामाला लागायचं. देवाला पोचलं आणि खिडकीवरच्या कारकुनाला दिसलं नाही.

अकरावा नियम मात्र मी नीट वाचलाच नव्हता. म्हणजे वाचला होता, पण तो आपल्यासाठी आहे असं वाटलं नव्हतं. पक्षकार अंगठा उठवणारा असेल तर संपूर्ण मजकूर त्याला मोठ्यानं वाचून दाखवावा, आणि वाचून दाखवणाऱ्यानं खाली आपलं पूर्ण नाव लिहून सही करावी, असा तो होता. आता वाचून दाखवल्याचं वाक्य काही नवं नाही. ‘वरील मजकूर मला वाचून दाखविला, तो मला समजला, तो खरा व बरोबर आहे.’ हे वाक्य मी इतक्या वेळा छापलं होतं की कॉम्प्युटरवर त्यासाठी एक बटणच ठरवून ठेवलं होतं. बटण दाबलं की अख्खं वाक्य पानावर. फक्त कोण वाचून दाखवतं, हे त्या वाक्यात कुठं नव्हतं, आणि कुणी कधी वाचून दाखवतही नव्हतं. अंगठा उठवणारं माणूस यायचं, मी शाईचा पॅड पुढे करायची, ते अंगठा उठवायचं आणि जुन्या कापडानं पुसत निघून जायचं. एकानंही कधी विचारलं नाही की वाचलं कुणी. नव्या नियमानंतर खाली वकील न वाचताच सही ठोकायचे, एवढाच फरक.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला एक मावशी आल्या. सत्तरीच्या घरातल्या, काटक, पायात पुरुषी वहाणा. पूर्वापार मेंढरं राखणारं घराणं, आता दोन एकर डाळिंब आणि पन्नासेक मेंढरं. त्यांचं घर आणि रान आत होतं, आणि तिकडे जायची वाट पुढच्या एका सुभेदारांच्या शेतातून जात होती. सुभेदार फौजेतून रिटायर होऊन आलेले. कॅनॉलचं पाणी मिळाल्यावर त्यांनी रान सपाट केलं, ऊस लावायचा ठरवला आणि मधली वाट बंद व्हावी म्हणून दावा घातला. मावशींना तिथून जायचा काही हक्क नाही, असं त्यांचं म्हणणं. ती वाट गेली तर मावशींना घरी जायला ओढ्यातून दोन मैलांचा वळसा, आणि पावसाळ्यात तोही नाही. डाळिंबाचा टेम्पो तर आत येऊच शकणार नव्हता.

समन्स हातात पडलं तेव्हा मावशींचा मुलगा मेंढरं घेऊन कोकणाच्या अंगाला चरायला गेला होता. मावशींनी तो कागद गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवला. पोरगं आल्यावर बघू, असा विचार. पोरगं आलं तोवर दोन महिने गेले होते. दाव्याला प्रतिवादीनं जे उत्तर द्यायचं असतं त्याला आमच्याकडे कैफियत म्हणतात. ती तीस दिवसांत द्यायची, फार तर कोर्ट नव्वदपर्यंत मुदत देतं. मावशींच्या वकिलांनी अर्ज करून मुदत मिळवली होती. पण न्यायाधीश मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं की नव्वदाव्या दिवशी खिडकी बंद झाली की बंद. मग मावशींचं म्हणणं न ऐकताच दावा पुढे चालणार होता. नव्वदावा दिवस शुक्रवारी येत होता.

आणि सोमवारी वकीलसाहेबांनी मिरजेला जाऊन मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. नंबर आधीपासून लावलेला, चुकवायचा कसा? बुधवारी ते डोळ्याला हिरवी पट्टी बांधून घरी बसले आणि मला फोन केला. मागे एका वाटेच्या दाव्यात आपण कैफियत दिली होती, ती काढ, नावं आणि गट नंबर बदल, बाकी तेच चालेल. माझ्या सवयीचं काम. कैफियतीत पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सूर असतो. दाव्याच्या कलम एकमधला मजकूर खोटा, खोडसाळ व नाकबूल. कलम दोनमधला मजकूर खोटा, खोडसाळ व नाकबूल. समोरच्यानं सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी तो खोटा, खोडसाळ व नाकबूल. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही, कारण सगळेच तसं लिहितात. मी बुधवारी दुपारपर्यंत साडेसहा पानं तयार केली, समास मोजला, आकडे जुळवले आणि मावशींना गुरुवारी बोलावलं.

गुरुवारी मावशी आल्या, टेबलासमोर बसल्या आणि अंगठा पुढे केला. मी सवयीनं पॅड उघडला आणि काचेखालच्या पत्रकाकडे माझी नजर गेली. उद्या शेवटचा दिवस, आणि अकरावा नियम मोडला म्हणून खिडकीवरून कागद परत आला तर सगळं मुसळ केरात. मी वकीलसाहेबांना फोन केला. त्यांना दिसत नव्हतं, तेव्हा ते म्हणाले, तूच वाच आणि तूच सही कर.

म्हणून मी वाचायला लागले. खरं सांगते, मनातून वैतागले होते. मागे चार कामं पडली होती. मी गाडी सोडली सुसाट. पहिलं पान संपेपर्यंत मावशी माझ्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनी हात वर केला.

“बाई, सावकाश वाच. तुला कुटं जायाचं हाय का?”

मला राग आला, पण वयाकडे बघून गिळला. पहिल्यापासून सुरू केलं. पक्षकारांच्या भाषेत समजावून सांगत सांगत पुढे निघाले. वाट वापरायचा तुम्हाला हक्क नाही असं तो म्हणतोय, ते तुम्ही खोटं म्हणताय. मावशी मान हलवायच्या, बराबर हाय. असं करत चौथ्या कलमावर आलो. दाव्यात सुभेदारांनी लिहिलं होतं की त्यांच्या वडिलांनी दया म्हणून काही दिवस मावशींच्या घरच्यांना शेतातून जाऊ दिलं होतं. त्यावर आमचं उत्तर असं: हा मजकूर खोटा, खोडसाळ व नाकबूल आहे, वादीच्या वडिलांनी प्रतिवादीस कधीही वाट दिलेली नाही.

मावशींनी विचारलं, म्हणजे काय? मी सांगितलं, त्याच्या वडिलांनी तुम्हाला वाट दिलीच नाही, असं लिहिलंय.

“दिली की,” मावशी म्हणाल्या. “त्येनंच दिली. न्हाई कशी म्हणू?”

मी त्यांना समजावायला गेले की मावशी, कैफियतीत असंच लिहायचं असतं. सगळेच लिहितात. त्यांनी अंगठा मागे घेतला आणि पदराखाली झाकला. मेलेल्या माणसानं दिलेली वस्तू न्हाई दिली म्हणायची, हे आपल्याच्यानं व्हायचं नाही, असं त्या शांतपणे म्हणाल्या आणि उठायला लागल्या. शुक्रवारची खिडकी मला दिसत होती. यांचं सत्य आणि यांची वाट दोन्ही एकदम जातंय, असं वाटलं. मी त्यांना हाताला धरून बसवलं आणि म्हटलं, बरं, मग दिली ती कशी दिली ते तरी सांगा.

मावशींनी सांगितलं ते असं. मोठ्या दुष्काळाच्या साली त्यांचे मालक मेंढरं घेऊन आले. आमच्याकडे मेंढरं शेतात बसवायची पद्धत आहे. पीक निघालं की मेंढपाळाला बोलवायचं, रात्री कळप रानात बसतो, लेंड्यांचं आणि मुताचं खत होतं, आणि शेतकरी त्या बदल्यात धान्य देतो. त्या साली सुभेदारांच्या वडिलांच्या घरात धान्य नव्हतं. रान मात्र खताला आसुसलं होतं. तेव्हा त्यांनी मावशींच्या मालकांना सांगितलं की माझ्याकडं द्यायला दाणा नाही, तुला आत जायला वाट नाही. तू दर साली दहा रोज मेंढरं बसव, मी वाट देतो. आणि स्वतः नांगर फिरवून ज्वारीच्या दोन ओळी मोडून वाट आखून दिली. तेव्हापासून कॅनॉल येईपर्यंत दर साली दहा दिवस कळप त्या रानात बसला. एक साल चुकलं नाही.

“वाट आखली, तवा म्हणला,” मावशी म्हणाल्या, “माझ्या पोरानं कवा आडवलं, तर माझं नाव सांगा.”

मी विचारलं, मग इतके दिवस हे वकिलांना का सांगितलं नाही? मावशींनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की या बाईला अक्कल आहे का.

“मला कुणी इचारलं कवा?”

सत्तावीस वर्षांतले किती अंगठे माझ्या या टेबलावर उठले, त्यांच्याकडेही कुणाकुणाकडे असं काही असेल, आणि मी बटण दाबून मोकळी झाले असेन. मला लाज वाटली.

वकीलसाहेबांना फोनवर सगळं सांगितलं. ते आधी घाबरले. वाट दिली होती असं कबूल केलं तर समोरचे म्हणतील की ती परवानगी होती, आता काढून घेतली. मग मेंढरांचं ऐकून हळूच म्हणाले, अगं, पण मग ती दया कुठली? तो तर मोबदला झाला. देवाणघेवाण झाली. इतकी वर्षं दोघांनी पाळलेला करार आहे हा. जुनी कैफियत फाडून टाक म्हणाले आणि पट्टी बांधलेल्या डोळ्यानं खुर्चीत बसून त्यांनी मला नवी सांगायला सुरुवात केली. मी फोन कानाला लावून टाइप करत होते आणि मध्ये मध्ये मावशींना विचारत होते. तारखेपाशी अडलो. साल कुठलं? मावशींना साल येत नव्हतं, थोरली लेक त्याच साली झाली एवढं पक्कं आठवत होतं. एरवी मी ‘सुमारे’ म्हणून एक आकडा ठोकून दिला असता. पण काचेखाली नियम होता. म्हणून लिहिलं, ‘ज्या साली प्रतिवादीच्या थोरल्या मुलीचा जन्म झाला, त्या साली.’ आणि तिच्या शाळेचा दाखला जोडला. सुभेदारांच्या वडिलांचं वाक्य मावशी बोलल्या तसंच अवतरणात घातलं. ते तिसऱ्या पानावर आलं.

नवी कैफियत चारच पानांची झाली. ती मी मावशींना पहिल्यापासून वाचून दाखवली, सावकाश. चौथ्या कलमाशी त्यांनी डोळे मिटले. संपल्यावर म्हणाल्या, आता बराबर हाय, आणि अंगठा उठवला. खाली मी माझं पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली. आजवर मी लाखभर पानं टाइप केली असतील, पण कोर्टाच्या कागदावर माझं नाव पहिल्यांदा आलं. सही जरा वाकडी झाली.

त्या संध्याकाळी मी साताऱ्याला आईला फोन केला. बऱ्याच वर्षांमागे जमीन भावांच्या नावावर करायचा तिचा कागद मीच टाइप केला होता, आणि खाली तेच वाक्य मीच छापलं होतं. तिला विचारलं, त्या कागदात काय होतं ते तुला ठाऊक आहे का गं?

“तू टाइप क्येलंयस म्हणल्यावर त्यात काय बगायचं?” ती म्हणाली.

पुढच्या रविवारी जाऊन मी तिला तो कागद वाचून दाखवला. काही गडबड नव्हती, सगळं तिच्या मनासारखंच होतं. तिसऱ्या परिच्छेदाला तिला झोप लागली. पण मी शेवटपर्यंत वाचला.

शुक्रवारचं राहिलंच. नियमाप्रमाणे आधी विरुद्ध बाजूला प्रत द्यायची होती. सुभेदारांचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकले होते, तेव्हा प्रत घ्यायला सुभेदार स्वतःच माझ्या टेबलापाशी आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, पाठ ताठ. पोच म्हणून सही केली आणि तिथंच उभ्यानं वाचायला लागले. पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं. तिसऱ्यावर थांबले. मी खाली मान घालून दुसरं काम करत असल्याचं सोंग आणलं होतं. बराच वेळ पान उलटल्याचा आवाज आला नाही.

मग त्यांनी मला विचारलं की हे वकिलांनी घातलंय का तिनं सांगितलंय. मी म्हटलं, तिनं सांगितलं, मी लिहिलं, मी वाचून दाखवलं, खाली माझी सही आहे. त्यांनी माझी सही बघितली.

“‘माझं नाव सांगा’,” ते म्हणाले. “आमचे वडील आसंच बोलायचे. दुकानात धाडलं तरी, दवाखान्यात धाडलं तरी. माझं नाव सांग म्हणायचे.”

एवढं बोलून ते निघून गेले. आमची कैफियत दुपारी अडीच वाजता खिडकीवर गेली. कारकुनानं समास बघितला, आकडे बघितले, यादी बघितली, अकराव्या नियमाची सही बघितली आणि शिक्का मारला. एक आक्षेप नाही. मी कॅन्टीनमधून दोन चहा मागवले. मावशींनी बशीत ओतून प्यायला.

पुढच्या तारखेला मॅडमनी मला आत बोलावलं. वाचून दाखवणारी कोण ते त्यांना बघायचं होतं. मी कोर्ट हॉलमध्ये जाऊन उभी राहिले. मॅडमनी मावशींना विचारलं की हे सगळं तुम्हाला वाचून दाखवलं का. मावशींनी सांगितलं की व्हय, दोन डाव. पैल्या डावाला चुकलं हुतं, मग बाईनं बराबर क्येलं. मी डोळे मिटून घेतले, आता बोलणी बसणार. मॅडमनी एकदा माझ्याकडे बघितलं, काहीतरी लिहिलं आणि पुढची तारीख दिली.

त्यानंतर तोंडी पुरावा, उलटतपास, असं काही झालंच नाही. दीड महिन्यानं दोन्ही बाजू तडजोडीचा कागद करायला माझ्याच शेडमध्ये आल्या. वाट शेताच्या मधून काढून बांधाच्या कडेनं घ्यायची, टेम्पो जाईल एवढी रुंद ठेवायची, ती कायमची राहील, आणि तिच्या कडेला सुभेदारांनी ऊस लावायचा नाही. मावशींनी आपल्याकडून एक अट घालायला लावली. दर साली दहा दिवस मेंढरं त्यांच्या रानात बसतील. सुभेदार म्हणाले की आता ऊस आहे, मेंढरं बसवायची कुठं? मावशी म्हणाल्या, ऊस तुटला की खोडवा फुटायच्या आधी रान मोकळं असतं की, तवा. बोलणं बोलणं हाय. वकीलसाहेब हसले, पण मी ते लिहून घेतलं. कागद दोघांना वाचून दाखवला. सुभेदारांनी सही केली, मावशींनी अंगठा उठवला, मी माझं नाव लिहिलं. या वेळी सही सरळ आली.

आता अंगठा उठवणारं कुणी आलं की मी आधी सगळं वाचते. दिवसाला चार कागद कमी होतात, आणि वकील घड्याळ दाखवतात. मी काचेवर बोट ठेवते. कधी कधी काहीच निघत नाही, माणूस नुसता मान हलवतो आणि जातो. पण ते कॉम्प्युटरवरचं बटण मी काढून टाकलं आहे. ते वाक्य आता दर वेळी अक्षर अक्षर टाइप करते.

दिवाळीनंतर एका सकाळी सुभेदार पुन्हा आले. हातात कागदाचं एकच पान, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलेलं. लॅमिनेशन करून द्या म्हणाले. बघितलं तर कैफियतीचं तिसरं पान. दावा मिटला, आता हे कशाला, असं माझ्या तोंडून निघून गेलं. ते बाकावर बसले. त्यांनी सांगितलं की त्यांच्या वडिलांना लिहिता येत नव्हतं. ते फौजेत असताना घरून पत्रं यायची, ती गावातले मास्तर लिहून द्यायचे. दर पत्रात इकडील सर्व क्षेम, तिकडील कळवावे. एवढ्या वर्षांच्या नोकरीत ढीगभर पत्रं आली, पण वडील जसं बोलतात तसं एक अक्षर त्यात नव्हतं. वडील बोलले तसे कागदावर आले ते या एकाच ठिकाणी, आणि तेही आपण ज्यांच्यावर दावा घातला त्यांच्या कैफियतीत.

मी मशीन गरम करायला लावलं. पान आत सारण्याआधी त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून थांबवलं.

“येकदा वाचून दाखवता का?”

तुम्हाला वाचता येतं की, मी म्हटलं.

“येतंय. डोळ्यानं लय डाव वाचलं. येकदा कानानं आयकायचं हाय.”

बाहेर पुकारा चालू झाला होता आणि दोन वकील कागद घेऊन शेडच्या तोंडाशी उभे होते. मी त्यांना थांबा म्हणून खूण केली, चष्मा लावला आणि चौथ्या कलमापासून वाचायला लागले, अगदी सावकाश. मला कुठं जायचं नव्हतं.